आजीला घेऊन इटलीत, पणजोबांच्या नावापर्यंत: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझ्या आजीचे वडील दुसऱ्या महायुद्धात, १९४३च्या डिसेंबरात, इटलीत लढताना पडले. मराठा पलटणीत शिपाई होते. आजी तेव्हा दोन वर्षांची. घरात त्यांचं म्हणून जे उरलं ते एका पत्र्याच्या डब्यात मावतं: एक तार, दोन पदकं आणि पेन्शनचे पिवळे पडलेले कागद. फोटो नाही. आजीला बापाचा चेहरा माहीत नाही, आवाज माहीत नाही. तो कुठल्या देशात राहिला एवढंच माहीत.

सप्टेंबर २०२४ मध्ये, आजी ८३ वर्षांची असताना, तिला मी तिथे घेऊन गेले. बारा दिवसांचा प्रवास. आल्यापासून कोकणातल्या, साताऱ्याकडच्या, कोल्हापूरच्या कितीतरी घरांतून विचारणा झाली, "आमचेही एक जण तिकडेच गेले होते, कसं जायचं?" कोकणातून आणि देशावरून त्या पलटणींत इतकी माणसं गेली होती की असे डबे घराघरांत असणारच. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिलं पाऊल: आधी नाव शोधा, तिकिटाचं नंतर

युरोपची सहल ठरवून "जमलं तर पणजोबांचं पण बघू" असं करू नका. नाव कुठल्या गावात कोरलंय हे कळल्याशिवाय मार्ग ठरत नाही, आणि इटली उभी लांबलचक आहे.

सुरुवात घरातल्या डब्यापासून करा. दुसऱ्या महायुद्धाची ताऱ्याच्या आकाराची पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरी मिळाली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर मागच्या बाजूला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन बघा. तो नंबर म्हणजे पुढच्या शोधाची किल्ली आहे. फीत शिल्लक असेल तर तिचे रंगही बोलतात. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे असतील तर ते इटली स्टार, म्हणजे माणूस इटलीत लढला होता. आमच्या डब्यातल्या फितीचा रंग उडाला होता, पण पदकाच्या कडीखाली दुमडलेल्या भागात हिरवा पट्टा तसाच होता.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. १९१७ साली स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढताना पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवते, आणि शोध पूर्णपणे मोफत आहे. बहुतेक लोक अडकतात ते इथेच. आडनाव टाकतात, काही सापडत नाही आणि सोडून देतात. नोंदी लिहिणाऱ्या कारकुनांनी आपली नावं जशी कानावर पडली तशी लिहिली. सावंतात व्ही असेल किंवा डब्ल्यू, पवारांचं पोवार झालेलं असेल, शिंद्यांचं सिंदे. पुष्कळदा तर भारतीय सैनिकाचं सगळं नाव, पाळण्यातल्या नावासकट, आडनावाच्याच रकान्यात टाकलेलं आहे. त्यामुळे आडनावाच्या जागी त्यांचं पहिलं नाव टाकून बघा.

एवढं करूनही मिळालं नाही तर नावाचा नाद सोडा आणि गावावरून शोधा. सविस्तर शोधात 'अतिरिक्त माहिती' असा रकाना आहे. नोंदीच्या शेवटी "अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, अमकीचा नवरा" असं लिहिलेलं असतं, ते त्या रकान्यात सापडतं. तिथे जिल्हा टाका, देश इटली निवडा, सैन्य भारतीय निवडा. जिल्हा मात्र तेव्हाचा. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, तोवर सगळं रत्नागिरीच होतं. आजचा रायगड तेव्हा कुलाबा. कोल्हापूर आणि सावंतवाडी ही संस्थानं. आम्हाला पणजोबा असे सापडले: आडनाव चुकलेलं, गावाचं नाव अर्धं, पण पणजीचं नाव बरोबर. नवऱ्याच्या नोंदीत बायकोचं नाव वाचून आजी पहिल्यांदा रडली. "आयेचा नाव लिवल्यानी," एवढंच म्हणाली.

पानावरच नोंदीचं प्रमाणपत्र आणि मूळ कागदांच्या स्कॅन प्रती उतरवून घेता येतात. दोन्ही छापून ठेवा, व्हिसासाठीही लागतील. याशिवाय बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आणि अभिलेख कार्यालय आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय. पेन्शनचा कागद हातात असेल तर तिथे विचारायला हरकत नाही.

एक सूचना, वेळ वाचवणारी. तुमचे पूर्वज पहिल्या महायुद्धातले असतील तर आधी हे पाहा की ते कुठल्या पलटणीत होते. मराठा पलटणी तेव्हा मुख्यतः मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये लढल्या, त्यामुळे नाव बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदीत असण्याची शक्यता जास्त. पण खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या पलटणीतले असतील तर फ्रान्समधलं नव शापेलचं भारतीय स्मारक जरूर तपासा. सॅपर्सच्या दोन कंपन्या तिथे २८ ऑक्टोबर १९१४ला जवळजवळ कापल्या गेल्या होत्या.

दुसरं पाऊल: तिथे नेमकं काय आहे ते समजून घ्या

इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन होत्या. सुमारे ५० हजार भारतीय सैनिक, त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी, म्हणजे शौर्याच्या सर्वोच्च ब्रिटिश पदकांपैकी, सहा भारतीयांना मिळाले, आणि त्या सहांत दोन मराठा पलटणीचे: यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव.

घरच्या माणसांच्या मनात "कबर" असते. पण बऱ्याच हिंदू आणि शीख सैनिकांना तिथेच अग्नी दिला गेला. त्यांची कबर नाही, दहन स्मारकावर नाव आहे. अशी स्मारकं इटलीत तीन ठिकाणी आहेत: अॅड्रियाटिक किनाऱ्याजवळ सांग्रो नदीच्या युद्धस्मशानात, फोर्लीच्या भारतीय सैन्याच्या स्मशानात आणि रिमिनीच्या गुरखा स्मशानात. ज्यांचा देहच मिळाला नाही, त्यांची नावं कासिनोच्या मोठ्या स्मारकावर आहेत. तिथे चार हजारांहून जास्त नावं आहेत, आणि यशवंत घाडग्यांचं नावही तिथेच आहे.

हा फरक आजी-आजोबांना निघण्यापूर्वी सांगा. माझ्या आजीला आयुष्यभर एकच शल्य होतं: बापाला कुणी अग्नी दिला की नाही. आमचं नाव सांग्रोच्या दहन स्मारकावर निघालं. म्हणजे सोबतच्यांनी लढाईच्या धामधुमीत, डिसेंबरच्या चिखलात, लाकडं जमवून रीतसर अग्नी दिला होता. ८० वर्षांनी तिला हे कळलं, आणि माझ्या मते प्रवासाचं अर्धं काम त्याच दिवशी, आमच्या ओटीवर बसून झालं.

तिसरं पाऊल: आजीला विचारा

आपण मुलं-नातवंडं उत्साहात रोम, व्हेनिस, स्वित्झर्लंड अशी यादी करतो. मी पण केली होती. आजीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "माका फकत थय जावचा आसा." यादी तिथेच फाडली. बारा दिवसांत आम्ही तीनच गावांत मुक्काम केला.

विचारायचं ते असं: तिथे गेल्यावर तुला काय करायचंय? कुणाला पिंडदान करायचं असेल, कुणाला नुसतं बसायचं असेल, कुणाला गावची माती न्यायची असेल. हे आधी कळलं तर सोय करता येते, किंवा का जमणार नाही ते शांतपणे सांगता येतं. मातीचं जमत नाही. भारतातून युरोपीय संघात माती नेण्यास बंदी आहे, आणि तिथली माती इकडे आणण्यासही. दूध, तूप, खवा, मांस यांचे पदार्थही नेता येत नाहीत, म्हणजे पेढ्यांचा नैवेद्य नाही. बहुतेक ताज्या फळांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट असलेल्या पाच फळांत मात्र नारळ आहे! केळी, खजूर, अननस आणि ड्युरियन ही बाकीची चार. आजीने परड्यातला नारळ नेला. मोठ्या बॅगेत, कापडात गुंडाळून, विमान कंपनीला आधी विचारून. सुकं खोबरं मात्र विमानात चालत नाही, त्यात तेल असल्याने ते ज्वलनशील धरतात.

चौथं पाऊल: पासपोर्ट, व्हिसा, विमा

पहिलाच पासपोर्ट काढायचा असेल तर चार महिने हातात ठेवा. या वयाच्या लोकांकडे जन्मदाखला नसतो, तो नसला तरी चालतं. १ ऑक्टोबर २०२३च्या आधी जन्मलेल्यांना पॅन, शाळा सोडल्याचा दाखला असे पर्याय आहेत. खरी अडचण नावाची. एका कागदावर 'बाई' लागलेलं, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर जन्मतारीख १ जून. सगळे कागद एकमेकांशी जुळवून घ्या आणि मगच अर्ज करा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. ज्येष्ठांच्या बाबतीत दोन-अडीच महिने आधी करावा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो. पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. खर्च नातवंडं करणार असतील तर तसं पत्र, तुमच्या बँकेचे कागद आणि नात्याचा पुरावा. आमच्या अर्जात आजी ते मी ही साखळी तीन दाखल्यांनी जोडली होती. सोबतच्या पत्रात प्रवासाचं खरं कारण चार ओळींत लिहा आणि कमिशनच्या नोंदीचं प्रमाणपत्र जोडा. "८३ वर्षांची मुलगी वडिलांच्या स्मारकाला जाते आहे" हे कारण कुठल्याही अधिकाऱ्याला समजतं.

बोटांचे ठसे घेतात. आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. आजीचे ठसे चौथ्या वेळेला उमटले. आदल्या आठवड्यापासून रोज रात्री हाताला खोबरेल लावा, त्या दिवशी सकाळी मात्र हात कोरडे स्वच्छ ठेवा. आता सीमेवरही ठसे आणि चेहऱ्याचा फोटो लागतो, १२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्याऐवजी ही नवी नोंद पद्धत सुरू झाली आहे. रांगेत वेळ जातो, म्हणून पुढचं विमान घाईचं घेऊ नका.

विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो, हा झाला नियम. पण ८० वर्षांवरच्या माणसाला पॉलिसी देताना बऱ्याच कंपन्या आधीपासूनचे आजार वगळतात. बीपी आणि साखर असलेल्या आजीचा विमा त्याच दोन गोष्टींना लागू नसेल, तर तो फक्त व्हिसापुरता कागद झाला. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण पॉलिसीची सगळी पानं वाचा.

पाचवं पाऊल: औषधं

डॉक्टरांकडून चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावाने घ्या, कारण आपले ब्रँड तिथे कुणाला कळत नाहीत. गोळ्या मूळ पाकिटात, प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, आणि हातातल्या बॅगेत. लांब विमानप्रवासात पायांना सूज येते, तेव्हा दाबाचे मोजे घालायचे का हे विचारून घ्या. इटलीत औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखतात. तातडीचा नंबर ११२.

सहावं पाऊल: मार्ग

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टचं ऊन म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही, आणि १५ ऑगस्टच्या आसपास निम्मी इटली सुट्टीवर असते.

नाव सांग्रोला असेल तर पेस्कारा या समुद्रकाठच्या शहरात राहा. रोमहून बस किंवा गाडीने डोंगर ओलांडून तीन तासांच्या आत-बाहेर. पेस्काराहून तोरिनो दि सांग्रो गावाजवळचं स्मशान गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. या किनाऱ्यावर समुद्रात लाकडी खांबांवर उभ्या केलेल्या मचाणी दिसतात, त्यांना त्राबोक्की म्हणतात, आणि वरून मोठं जाळं पाण्यात सोडून मासे धरतात. आजी गाडी थांबवून बराच वेळ ते बघत होती. आमच्याकडे खाडीत असंच जाळं टाकतात, असं ती ड्रायव्हरला मालवणीत सांगत होती आणि तो इटालियनमध्ये "सी, सी" म्हणत होता.

फोर्लीला असेल तर बोलोन्यात मुक्काम करा. फोर्ली बोलोन्या-रिमिनी रेल्वेमार्गावरच आहे. जवळच सेनियो नदी, जिच्या काठावर ९ एप्रिल १९४५ला नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून पाण्यापलीकडे आणलं आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. नदी लहान आहे, पण दोन्ही बाजूंचे मातीचे बांध घराएवढे उंच. बांधावर उभं राहिलं की तो पराक्रम काय होता ते वाचून कळलं नव्हतं तेवढं कळतं. अल्फोन्सिने गावात या लढाईचं संग्रहालय आहे.

कासिनोला रोमहून साध्या रेल्वेने सुमारे दोन तास. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. स्टेशनपासून स्मशान लांब नाही, तरी टॅक्सी करा. वर डोंगरावर मोन्ते कासिनोचा मठ दिसतो, फेब्रुवारी १९४४मध्ये बॉम्बफेकीत पार उद्ध्वस्त झालेला आणि नंतर पुन्हा उभा केलेला. खाली उभं राहून वर बघितलं की वरच्यांना खालचं सगळं कसं दिसत असेल ते ध्यानात येतं.

आणि जमलं तर मोन्तोने. पेरूजाच्या उत्तरेचं हे डोंगरावरचं गाव. १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांच्या नावाने मोन्तोनेच्या लोकांनी आणि इटलीतल्या काही लष्करी इतिहासप्रेमींनी २०२३ साली सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. गाव चढाचं आहे, फरसबंदी दगडांची. व्हीलचेअर ढकलणारा तरुण माणूस सोबत हवा.

स्वतः गाडी चालवणार असाल तर इथून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. जुन्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, तिथे कॅमेरे असतात आणि दंड महिन्यांनी घरी येतो. आम्ही स्मारकाच्या दिवशी ड्रायव्हरसकट गाडी केली. त्या दिवशी रस्ता शोधत बसायची माझी मनःस्थिती नव्हती, तुमचीही नसेल.

सातवं पाऊल: विमानतळ, रेल्वे

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, नाहीतर किमान ४८ तास आधी. ती मोफत असते. मागताना तीन प्रकार विचारतात: लांब चालवत नाही पण जिने चढता येतात, जिने चढता येत नाहीत, किंवा आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. खरं ते सांगा. आजीने मानीपणाने पहिला प्रकार सांगायला लावला, आणि एका विमानतळावर विमानाला शिडी लागली. शिवाय मधल्या थांब्यावर खुर्ची ४० मिनिटं आलीच नाही. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: विनंतीची छापील प्रत हातात ठेवायची आणि विमान उतरायच्या अर्धा तास आधी हवाईसुंदरीला आठवण करायची.

इटलीच्या मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मदतसेवा आहे. आधी कळवलं की माणूस येऊन गाडीत चढवून देतो, उतरवून घेतो, पैसे पडत नाहीत. साध्या गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका, नाहीतर दंड.

आठवं पाऊल: राहणं, जेवण

हॉटेलला तीन प्रश्न लेखी विचारा. लिफ्ट आहे का, लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, आणि न्हाणीघरात टब आहे की सपाट जागा. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि जुन्या इमारतींत लिफ्ट पाच-सहा पायऱ्या चढूनच सुरू होते. टबाची उंच कड ओलांडताना म्हातारी माणसं पडतात. आम्हाला एका ठिकाणी टबच मिळाला. तिथे आजीने खुर्चीवर बसून बादलीने आंघोळ केली. म्हणून प्लॅस्टिकचा तांब्या सोबत न्या. एक दिलासा असा की इटलीत बहुतेक न्हाणीघरांत बिडे, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठी नळाचं बसकं भांडं असतं, त्यामुळे पाण्याची अडचण येत नाही.

जेवणाच्या वेळा सांभाळा. उपाहारगृहांची स्वयंपाकघरं दुपारी अडीचला बंद होतात ती संध्याकाळी साडेसातला उघडतात. साखरेच्या माणसाला मधले पाच तास जमत नाहीत. चिवडा, मेतकूट, पोहे, लोणचं आणि लहान विजेचा कुकर नेला होता. मऊ भात, मेतकूट आणि बाजारातले टोमॅटो यांवर आजीने निम्मे दिवस आनंदात काढले. उरलेल्या दिवशी तळलेली मासळी, जी तिला मनापासून आवडली. मांस नको असेल तर "सेंत्सा कार्ने" म्हणा.

नववं पाऊल: तो दिवस

त्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका. सकाळी लवकर निघा. उन्हाचं कारण आहेच, शिवाय तिरप्या उजेडात कोरलेली अक्षरं फोटोत उठून दिसतात.

कमिशनच्या स्मशानांना तिकीट नाही. भिंतीतल्या लहान कप्प्यात नोंदवही आणि भेटीची वही ठेवलेली असते. पॅनेलचा, म्हणजे नाव कोरलेल्या दगडी पाटीचा क्रमांक आधीच लिहून न्या. नावं पलटणीप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे, मग वर्णक्रमाने लावलेली आहेत. सांग्रोचं स्मशान उतारावर आहे आणि गवतावरून चालावं लागतं, तेव्हा काठी आणि दोन्ही बाजूंना माणूस. घडीचं स्टूल न्याच. उभ्याने हे होत नाही.

दगडाला कुंकू, तेल, हळद लावू नका. पांढऱ्या दगडावरचा डाग जात नाही, आणि तो दगड शेजारच्यांचाही आहे. फुलं पायथ्याशी ठेवा. आम्ही पाटावर घालतो तसा एक धुवट पंचा खाली पसरला, त्यावर नारळ, फुलं, उदबत्तीचा न पेटवलेला पुडा. गवतावर काही पेटवायचं नाही असं मीच ठरवलं होतं. नावाचा ठसा हवा असेल तर पातळ कागद आणि मऊ पेन्सिल, हलक्या हाताने.

अक्षरं इंग्रजी असतात, आजीला इंग्रजी येत नाही. मला हे आधी सुचलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते: एका पुठ्ठ्यावर नाव मोठ्या देवनागरीत लिहून न्या आणि दगडावरच्या नावाखाली धरा. मी वहीच्या पानावर तिथल्या तिथे लिहिलं. आजीने आधी पान वाचलं, मग दगडाकडे बघितलं. तिने विचारलं, पहिलं अक्षर कुठलं? मी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. मग माझा हात सोडून तिने बोट शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं, परत पहिल्यावर आणलं. "बाबा, मी इलंय," म्हणाली. मी बाजूला झाले. तुम्हीही व्हा. फोटो, व्हिडिओ, घरच्यांना कॉल, सगळं अर्धा तास थांबू शकतं.

नंतर त्यांना खायला-प्यायला द्या आणि बीपी मोजा. संध्याकाळी बोलावंसं वाटेल किंवा अजिबात वाटणार नाही. आजी त्या दिवशी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून तासभर बोलली. मी फोनवर ध्वनिमुद्रण चालू केलं, तिला विचारून.

पुढे कासिनोला गेलो तेव्हा भारतीय सैनिकांच्या थडग्यांपाशी ती एकदम थांबली. हिंदू सैनिकांच्या दगडांवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं असतं. परक्या मुलखात पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय तिला काही वाचता आलं. ती प्रत्येक दगडापाशी जाऊन तेवढं वाचत राहिली.

दहावं पाऊल: परत आल्यावर

नोंदीत आडनाव किंवा गाव चुकलं असेल तर कमिशनला कागदपत्रांसह कळवता येतं. सेवेचा नंबर, पेन्शनचा कागद, पदकाच्या मागचा फोटो जोडा. वेळ लागतो, पण करा.

अजून एक काम, जे आजीने सांगितलं म्हणून झालं. पणजोबांच्या वर-खाली त्याच पलटणीची नावं होती. आजी म्हणाली, हे सगळे त्यांच्या सोबतचे, यांचेही फोटो घे. घेतले. घरी येऊन एकेक नाव कमिशनच्या नोंदीत शोधलं. त्यांतले एक जण आमच्या पलीकडच्या तालुक्यातले निघाले. गावाचं नाव होतंच. ग्रामपंचायतीत विचारून घर मिळालं. दिवाळीनंतर मी आणि आजी फोटो छापून, खाली देवनागरीत नाव लिहून घेऊन गेलो. त्यांच्या पुतण्याच्या सुनेने दार उघडलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं की ते नाव कुठे आहे. तिने फोटो देव्हाऱ्याशेजारी ठेवला, आजीला चहा दिला आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली.